द ब्रीची कोरीव चित्रं आणि त्यांत न आलेला जुलै १५८५

कोरांटी

अमेरिकेतल्या मूलनिवासींची जुनी चित्रं म्हणून पाठ्यपुस्तकांत, माहितीपटांत, संग्रहालयांच्या पाट्यांवर जे दिसतं, त्यातलं बरंचसं फिरून फिरून एकाच छापखान्यातून आलेलं असतं. फ्रँकफर्टच्या थिओडोर द ब्रीच्या. त्याच्या पहिल्या पुस्तकातली गावं नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरची आहेत. मी याच राज्यात राहते, त्यामुळे यावर सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

आधी माणूस. द ब्री १५२८ चा, लिएजचा. मूळ धंदा सोनाराचा. सोन्याचांदीवर नक्षी कोरणारा हात पुढे तांब्याच्या पत्र्यावर चालू लागला. धर्माने प्रोटेस्टंट. लिएज सोडल्यावर स्ट्रासबर्ग, अँटवर्प, लंडन करत तो शेवटी फ्रँकफर्टला स्थिरावला. अमेरिकेत तो आयुष्यात कधी गेला नाही. समोर दुसऱ्यांची चित्रं आणि दुसऱ्यांचे वृत्तांत ठेवून त्याने कोरीव काम केलं.

१५९० साली त्याने थॉमस हॅरियट या इंग्रज विद्वानाचा व्हर्जिनियाविषयीचा (हा किनाराही तेव्हा व्हर्जिनियाच म्हणवला जाई) अहवाल सचित्र छापला, तोही लॅटिन, इंग्रजी, जर्मन आणि फ्रेंच अशा चार भाषांत. रिचर्ड हॅक्लुइट या इंग्रज भूगोलकाराने त्याला यासाठी गळ घातली होती. हॅरियटचा मजकूर १५८८ मध्ये चित्रांशिवाय आला होताच, आता त्याला चित्रं मिळाली. ती होती जॉन व्हाइटच्या जलरंगांवरून केलेली. व्हाइट १५८५ च्या मोहिमेत चित्रकार म्हणून गेला होता. रोअनोक बेटावर इंग्रजांनी वसाहत मांडली, ती वॉल्टर रॅलीच्या पुढाकाराने. हे पुस्तक त्याच उद्योगाची भलामण करायला लिहिलेलं आहे. जमीन सुपीक, लोक शांत, भांडवल गुंतवा, माणसं पाठवा, असा त्याचा सूर आहे.

व्हाइटचे मूळ जलरंग वाचले, ही आपल्यासाठी फार मोठी गोष्ट. १८६६ पासून ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यामुळे इथे मूळ चित्र आणि कोरलेली प्रत शेजारी ठेवून पाहता येतात.

सेकोटन गावाचं चित्र घ्या. व्हाइटने गाव थोडं उंचावरून पाहिल्यासारखं काढलंय. मधून वाट, दोन्ही बाजूंना झाडांत अर्धी लपलेली चटयांची घरं, उजवीकडे मक्याची तीन शेतं : नुकतं उगवलेलं, हिरवं आणि पिकलेलं. त्याने शेजारी तसं लिहूनही ठेवलंय. द ब्रीच्या चित्रात ही अक्षरं गेली आणि जागोजागी ए, बी, सी अशा खुणा आल्या, खाली प्रत्येक खुणेचं स्पष्टीकरण. शिवाय व्हाइटच्या कागदावर नसलेली तंबाखू, सूर्यफुलं आणि भोपळे गावात उगवले. गाव आता मालाच्या यादीसारखं वाचता येतं, आणि ते छापणाऱ्यांना तेच हवं होतं.

त्याच चित्रात 'एफ' खुणेवर जरूर थांबा. पिकलेल्या मक्यात मचाण उभारलंय, त्यावर गोल खुर्चीसारखी एक खोपटी, आणि आत एक माणूस बसलेला. पाखरं आणि जनावरं पिकावर येऊ नयेत म्हणून तो सारखा आरडाओरडा करत असतो, असं हॅरियट सांगतो. ज्वारी राखायला माळ्यावर बसलेला आपल्याकडचा राखणदार ज्याने पाहिलाय, त्याला हे चित्र वेगळं समजावून सांगावं लागत नाही. सगळ्या पुस्तकात मला हा माणूस सर्वांत खरा वाटतो. त्याला कुणी शूरवीर केलेलं नाही, की राक्षस केलेलं नाही.

माणसांच्या मोठ्या चित्रांत मात्र छिन्नीने हात मोकळा सोडलाय. व्हाइटचा सरदार अंगाने सडसडीत, एका बाजूला तोल टाकून, कमरेवर हात ठेवून उभा आहे. द ब्रीच्या पुस्तकात त्याचे दंड आणि पोटऱ्या रोमन पुतळ्यासारख्या भरल्या, शेजारी तोच माणूस पाठमोरा उभा राहिला आणि मागे हरणाच्या शिकारीचा देखावा आला. चेहरे तर सरळ युरोपातले झाले.

आता मूळ मुद्दा. या चित्रांत सगळं शांत आहे. लोक मासे भाजतायत, नाचतायत, शेकोटीभोवती बसलेत. ते ज्या दिवसांतलं आहे, त्या दिवसांची इंग्रजांनीच ठेवलेली नोंद उपलब्ध आहे. जुलै १५८५ मध्ये मोहिमेचा प्रमुख रिचर्ड ग्रेनव्हिल होड्या घेऊन मुख्य भूमीवर गेला. व्हाइट एका होडीत होता. १२ तारखेला ते पोमेयोकला, १३ ला ॲक्वॅस्कोगॉकला आणि १५ ला सेकोटनला पोचले. सेकोटनमध्ये चांगला पाहुणचार झाला, असं नोंदीत आहे. १६ तारखेला एक होडी ॲक्वॅस्कोगॉकला परत पाठवली, कारण तिथल्या कुणीतरी चांदीचा पेला चोरल्याचा आरोप होता. पेला मिळाला नाही. इंग्रजांनी गाव जाळलं आणि मक्याचं पीकही जाळून नासवलं. लोक आधीच पळून गेले होते.

पोमेयोकचं चित्र आहे, सेकोटनचं आहे, ॲक्वॅस्कोगॉकचं नाही. पुढच्या वर्षी, १ जून १५८६ ला, इंग्रज वसाहतीचा प्रमुख राल्फ लेन याच्या माणसांनी विंगिना या तिथल्या प्रमुखाला ठार करून त्याचं डोकं कापून आणलं. पुस्तक छापलं गेलं तेव्हा या गोष्टीला चार वर्षं उलटून गेली होती.

म्हणून मला वाटतं, असं कुठलंही चित्र पाहताना खालच्या ओळीआधी तारीख वाचावी, आणि त्या तारखेला त्या गावात काय चाललं होतं ते शोधावं. तुम्ही यातली मूळ छापचित्रं पाहिली असतील, कुणाकडे असतील, तर जरूर लिहा.

मोहोर

वाचनखूण साठवली. राखणदाराबद्दल वाचून लगेच चित्र मोठं करून पाहिलं. दिसला!

एक शंका. याच पुस्तकाच्या शेवटी अंगभर गोंदलेले, हातात कापलेलं मुंडकं धरलेले गोरे लोक आहेत. ते कोण?

कोरांटी

मोहोर, ते पिक्ट. स्कॉटलंडचे प्राचीन रहिवासी. शेवटी अशी पाच चित्रं आहेत, तीन पिक्टांची आणि दोन त्यांच्या शेजाऱ्यांची. ब्रिटनचे लोकही एके काळी व्हर्जिनियाच्या लोकांइतकेच रानटी होते, हे दाखवायला ती दिल्याचं पुस्तकातच म्हटलंय. आणि चित्रमालिकेच्या सुरुवातीला आहेत ॲडम आणि ईव्ह.

याचे दोन अर्थ निघतात आणि मला दोन्ही खरे वाटतात. एक, समोरचा माणूस आपल्यासारखाच आहे, एकाच आईबापाचा, ही कबुली. त्या काळात ती लहान नव्हती. दुसरा, तो आमच्या मागे आहे आणि आम्ही त्याला पुढे आणणार. ही दुसरी समजूत पुढे साऱ्या जगाला किती महाग पडली, ते आपल्याला ठाऊक आहे.

शाईचं_बोट

उत्तम धागा. मी प्रिंटमेकिंग शिकवतो, म्हणून कामाच्या बाजूने थोडी भर घालतो.

एनग्रेव्हिंगमध्ये तांब्याची घोटलेली प्लेट घेतात आणि ब्यूरिन नावाच्या टोकदार पोलादी हत्याराने तिच्यात चर पाडतात. हत्यार तळव्यात धरून पुढे रेटायचं. वळणदार रेघ हवी तर हात तसाच ठेवून खालची प्लेट फिरवायची. मग चरांत शाई भरायची, वरचा भाग पुसून लख्ख करायचा, ओलसर कागद ठेवून रुळाच्या दाबाखालून काढायचा. कागद चरात शिरून शाई उचलतो. आम्ही विद्यार्थ्यांना पहिल्यांदा नुसत्या समांतर रेघा काढायला देतो, तेवढ्यातच हात भरून येतो.

आता याचा चित्रातल्या माणसांवर काय परिणाम होतो ते पाहा. जलरंगात त्वचेचा रंग एका फटकाऱ्यात येतो. एनग्रेव्हिंगमध्ये रंग नाही, फक्त रेघ. अंगाची गोलाई दाखवायला रेघा दंडावरून, पोटावरून वळवत न्याव्या लागतात आणि सावलीसाठी आडव्या-उभ्या जाळ्या विणाव्या लागतात. ही जाळी कशी विणायची, हे तेव्हाचे कारागीर ग्रीक-रोमन धर्तीची शरीरं कोरूनच शिकत. मग हात सवयीने तिकडेच जातो. कोरांटीताई म्हणतात ते भरलेले दंड काही प्रमाणात ठरवून केलेले असतील, पण काही प्रमाणात ते शिक्षणाचं वळण आहे.

दुसरं, छापताना चित्र उलटतं. मूळ चित्र तसंच्या तसं प्लेटवर उतरवलं, तर छापलेल्या कागदावर डावं-उजवं बदलतं. त्यामुळे अशा चित्रांवरून 'हे लोक धनुष्य अमुक हातात धरत' असे निष्कर्ष कुणी काढू नयेत.

तिसरं, ही सगळी चित्रं एका हातची नाहीत. व्हर्जिनियाच्या काही प्लेटांवर जी. व्हीन अशी सही आहे, म्हणजे गिसबर्ट व्हान व्हीन. छापखाना म्हणजे अनेक हातांचं काम. पुढे दोन मुलगे, योहान थिओडोर आणि योहान इस्राएल, आणि नंतर योहान थिओडोरचा जावई मॅथेउस मेरियन यांनी अमेरिका-मालिका १६३४ पर्यंत चालवली.

जुना_बाजार

मला थोडी मदत हवी आहे. परदेशातल्या एका विक्रेत्याकडे फ्लोरिडाचं एक चित्र आहे, हाताने रंगवलेलं. तो म्हणतो १५९१ चं अस्सल आहे. बैठकीच्या खोलीत लावायचा विचार आहे. अस्सल आहे की नाही, कसं ओळखावं?

शाईचं_बोट

जुना_बाजार, फोटोवरून कुणीच छातीठोक सांगू शकणार नाही, पण एवढं तपासा.

प्लेटच्या कडेचा दाब कागदावर उमटलेला असतो, चित्राभोवती चौकोनी खळगी दिसली पाहिजे. कागद उजेडासमोर धरला की त्या काळच्या हातकागदाच्या समांतर रेषा दिसतात, नशीब असेल तर जलचिन्हही. भिंगातून पाहा : ठिपक्यांची जाळी दिसली तर ती आधुनिक छपाई, विषय संपला. अस्सल रेघ सलग असते, टोकाकडे निमुळती होत जाते आणि कागदावर किंचित उठलेली असते.

मजकुराकडेही बघा. अक्षरं उठावाच्या खिळ्यांनी छापत आणि चित्र खोदलेल्या प्लेटवरून. दोन्हींची यंत्रं वेगळी. म्हणजे एकच कागद दोनदा छापावा लागे. म्हणून चित्र आणि खालचा मजकूर कित्येकदा एकमेकांशी किंचित तिरके असतात. अगदी काटकोनात जुळलेलं पान पाहिलं की मी जरा सावध होतो.

आणि रंग. या पुस्तकांच्या बहुतेक प्रती काळ्या-पांढऱ्याच निघाल्या. त्या काळी रंगवलेल्या प्रती आहेत, पण थोड्या. बाजारातली सुटी रंगीत पानं बऱ्याचदा फार नंतर रंगवलेली असतात, कारण रंगीत पान भिंतीसाठी लवकर खपतं. सुटं पान म्हणजे कुठलं तरी पुस्तक उसवून काढलेलं पान, हेही मनात असू द्या.

कोरांटी

जुना_बाजार, कागद अस्सल निघाला तरी चित्रातला मजकूर किती अस्सल, हा प्रश्न फ्लोरिडाच्या बाबतीत वेगळा विचारावा लागतो.

ती चित्रं जाक ल मॉइनच्या नावावर आहेत. १५६४ मध्ये फ्रेंच प्रोटेस्टंटांनी फ्लोरिडात फोर्ट कॅरोलाइन वसवला, त्यांच्याबरोबर तो चित्रकार म्हणून होता. १५६५ मध्ये स्पॅनिश सैन्याने किल्ला घेतला, बहुतेकांची कत्तल झाली, ल मॉइन कसाबसा निसटला. पुढे लंडनला राहिला आणि १५८८ मध्ये वारला. त्याच्या विधवेकडून द ब्रीने चित्रं घेतली आणि १५९१ मध्ये मालिकेचा दुसरा भाग काढला. त्यात तिथल्या टिमुकुआ लोकांची चाळीसेक चित्रं आहेत.

अडचण ही की व्हाइटसारखे मूळ कागद इथे नाहीत. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीतलं एकच चित्र बराच काळ मूळ मानलं जात होतं, त्याबद्दलही आता अभ्यासकांना शंका आहे. आणि छापलेल्या चित्रांतल्या काही गदा आणि पिसांचे साज ब्राझीलच्या तुपिनांबांसारखे आहेत. ते कोरणाऱ्याने दुसऱ्या पुस्तकांतून उचलले असावेत, असं मानववंशशास्त्रज्ञ म्हणतात. चित्रातल्या डोंगरांचं तर काय सांगावं, फ्लोरिडाचा तो किनारा तळहातासारखा सपाट आहे. तरी टिमुकुआ कसे दिसत, हे सांगायला आजही हीच चित्रं वापरतात, कारण दुसरी नाहीतच. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत रोगराई, छापे आणि विस्थापन यांनी तो समाज वेगळा म्हणून उरला नाही.

घ्यायचं तर घ्या, छान कोरीव काम आहे. फक्त खाली 'टिमुकुआ लोक, फ्लोरिडा' एवढंच लिहू नका. 'फ्रँकफर्ट, १५९१' हे आधी यायला हवं.

दशमान

हॅरियटचं नाव पाहून थांबलो. मी गणित शिकवतो आणि 'पेक्षा मोठा', 'पेक्षा लहान' ही चिन्हं ज्या पुस्तकातून रूढ झाली, ते १६३१ चं पुस्तक याच हॅरियटचं, त्याच्या मृत्यूनंतर आलेलं. १६०९ मध्ये दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचं चित्र काढणाराही तोच, गॅलिलिओच्या थोडा आधी. हा माणूस अमेरिकेत जाऊन आला होता, हे मला माहीत नव्हतं. मग त्याचा अहवाल शोधून वाचला.

एक भाग वाचून बेचैन झालो. आम्ही एखाद्या गावातून निघालो की थोड्याच दिवसांत तिथले लोक भराभर मरायला लागत, असं तो लिहितो. आकडेही देतो : कुठे वीस, कुठे चाळीस, कुठे साठ आणि एका गावात एकशे वीस. हा रोग काय आहे, हे लोकांना ठाऊक नव्हतं. न दिसणाऱ्या गोळ्या मारून हे आपल्याला ठार करतात, असं काहींना वाटत होतं, हेही त्याने नोंदवलंय. मोजणारा माणूस, त्याने तेही मोजून ठेवलं. पुस्तक एकच, आणि त्यात पुढे हे नाचाचं चित्र.

कोरांटी

दशमानसर, हे मी मूळ लेखात घ्यायला हवं इतकं महत्त्वाचं आहे. हॅरियट तिथली भाषा शिकला होता, म्हणून तर लोकांना काय वाटतं ते त्याला लिहिता आलं. १५८४ मध्ये मँटिओ आणि वँचीज हे दोघे किनाऱ्यावरून इंग्लंडला गेले, त्यांच्याकडून तो शिकला. मँटिओ पुढे इंग्रजांच्या बाजूने राहिला, वँचीज परतल्यावर त्यांच्या विरोधात गेला. आज रोअनोक बेटावर या दोघांच्या नावाची दोन गावं आहेत.

मांडवीतीर

गोव्याचा धागा मी जोडतो, कारण या छापखान्याने आपल्यालाही सोडलेलं नाही.

अमेरिकेच्या मालिकेला जोडून द ब्री मंडळींनी पूर्वेकडच्या देशांचीही मालिका काढली. तिच्यात यान हुइखेन व्हान लिन्सखोटेनचा वृत्तांत आहे. हा डच तरुण १५८३ मध्ये गोव्याला आला आणि आर्चबिशपचा चिटणीस म्हणून काही वर्षं राहिला. त्याचं पुस्तक १५९६ मध्ये ॲम्स्टरडॅमला निघालं, चित्रं व्हान डूटेकम बंधूंनी कोरली. द ब्रींनी त्यावरून आपल्या प्लेटा केल्या. म्हणजे ही प्रतीची प्रत.

त्यातलं गोव्याच्या मोठ्या रस्त्यावरच्या बाजाराचं चित्र बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. छत्र्या, घोडे, पालख्या, विकायला उभे केलेले गुलाम. आपल्या कोकणी शेतकऱ्यांना पोर्तुगीज 'कानारीम' म्हणत, त्यांचंही चित्र आहे. बाजाराचं चित्र मला बऱ्यापैकी भरवशाचं वाटतं, हा माणूस त्या रस्त्यावरून रोज जात असणार.

देवळाचं चित्र मात्र बघवत नाही. मूर्तीच्या जागी शिंगंवाला सैतान बसवलाय, युरोपातल्या चर्चच्या भिंतीवर असतो तसा. लिन्सखोटेन आला तेव्हा तिसवाडीतली देवळं १५४० च्या सुमारालाच पाडून झाली होती, साष्टीतली १५६७ मध्ये गेली. मंगेशीचा देव कुठ्ठाळी सोडून प्रियोळला गेला होता. ज्या बेटावर हा राहत होता, तिथे पाहायला देऊळच उरलं नव्हतं. ती जागा जुन्या प्रवासवर्णनांतल्या सैतानाने भरून काढली.

याच्या तुलनेत रोमच्या कासानातेन्स ग्रंथालयातली चित्रवही पाहा. साधारण १५४० ची, ७६ जलरंगचित्रं, वर पोर्तुगीज ओळी. ती भारतीय चित्रकाराच्या हातची असावीत असं मानतात. त्यात शेतात राबणारे, धुणं धुणारे, पाणवठ्यावरचे लोक आहेत आणि ते आपल्यासारखेच दिसतात. ती वही छापली गेली नाही, ग्रंथालयात पडून राहिली. सैतान मात्र युरोपभर पोचला.

पायवाट

सगळं वाचलं, पण मला एक स्पष्ट म्हणायचं आहे. ही चित्रं भिंतीवर लावूच नयेत. ब्राझीलचा भाग उघडून पाहा, १५९२ चा. माणसाचे हातपाय शेगडीवर भाजतायत, बायका हाडं चघळतायत. तुपिनांबांची जगभर ओळख झाली ती ही. हे कलाकुसर म्हणून कसं पाहायचं?

कोरांटी

पायवाट, तुमचा राग रास्त आहे. त्या चित्रांमागे हान्स श्टाडेन या जर्मन माणसाचं १५५७ चं पुस्तक आहे. तो तुपिनांबांच्या कैदेत होता. मूळ पुस्तकातले लाकडी ठसे साधे, ओबडधोबड आहेत. द ब्रीने तेच प्रसंग गुळगुळीत, मांसल करून कोरले आणि भय कैक पटींनी वाढलं.

पण त्याच छापखान्याने १५९८ मध्ये बार्तोलोमे दे लास कासासचं पुस्तकही सचित्र काढलं. त्यात माणसं जाळणारे, फासावर टांगणारे, पोरांना आपटणारे स्पॅनिश आहेत. लास कासास स्वतः स्पॅनिश धर्मगुरू, त्याने १५५२ मध्ये आपल्याच लोकांवर हा आरोप छापून केला होता. प्रोटेस्टंट छापखान्याला स्पेनविरुद्ध ते आयतं मिळालं. अत्याचार खरे होते, ते छापण्यामागचा हेतू शुद्ध नव्हता. मला दोन्ही एकदम धरून ठेवावं लागतं.

भिंतीवर लावायचं असेल तर मी सिमॉन व्हान द पासचं १६१६ चं पोकाहॉन्टस या व्हर्जिनियातल्या मूलनिवासी स्त्रीचं चित्र निवडीन. ती लंडनला आली असताना समोर बसवून काढलेलं. उंच टोपी, ताठ लेसची कॉलर, हातात पिसांचा पंखा, सगळा इंग्रजी थाट. पण चेहरा सुबक केलेला नाही. गालफडं वर आलेली, नजर सरळ पाहणाऱ्यावर. भोवती कोरलंय तिचं मूळ नाव, मटोआका, आणि वय २१. पुढच्याच वर्षी ग्रेव्हसेंडला ती वारली. या चित्रावरून नंतर केलेल्या तैलचित्रात तिची कातडी उजळली.

आणि मूलनिवासींनी स्वतः काढलेलं काही हवं असेल, तर पेरूच्या ग्वामान पोमाची वही बघा. सुमारे १६१५ मध्ये त्याने स्पेनच्या राजाला उद्देशून लांबलचक पत्र लिहिलं, जवळपास चारशे पानभर चित्रांसह. ते कोपनहेगनच्या राजग्रंथालयात पडून होतं, १९०८ मध्ये सापडलं. पाद्री विणकर बाईला मारतोय, खाणीतल्या प्रमुखांना शिक्षा होतेय, असं त्याने पाहिलेलं त्याने काढलंय. कोपनहेगनने ती सगळी पानं इंटरनेटवर खुली ठेवली आहेत.

जुना_बाजार

सगळ्यांचे आभार. विक्रेत्याकडे पाठीमागच्या बाजूचा आणि उजेडासमोर धरलेला फोटो मागितला आहे. कोरांटीताई, टिमुकुआंचं स्वतःचं असं काहीच उरलं नाही का?

कोरांटी

उरलंय. चित्र नाही, शब्द आहेत. फ्रान्सिस्को पारेहा या फ्रान्सिस्कन पाद्र्याने त्यांची भाषा शिकून १६१२ मध्ये मेक्सिकोत स्पॅनिश-टिमुकुआ प्रश्नोत्तरी छापली. पुढची काही पुस्तकं आली, आणि लोक आपल्या भाषेत लिहू-वाचू लागले. १६८८ मध्ये टिमुकुआ प्रमुखांनी स्पेनच्या राजाला आपल्या भाषेत लिहिलेलं पत्र आजही आहे. भाषाशास्त्रज्ञ या मजकुरांवरून शब्दकोश आणि व्याकरण बांधतायत. फ्लोरिडाचं चित्र घेतलंत तर त्याच्याबरोबर तेही वाचा.

मांडवीतीर

लिन्सखोटेन आणि कासानातेन्सची वही यांवर वेगळा धागा काढतो. बाजाराच्या चित्रातली एकेक व्यक्ती घेऊन लिहायचं म्हणतोय. इथे दुवा देईन.